अम्मीच्या हातचं नसलेलं जेवण

आपल्याकडे ‘हॉटेल’ हा शब्द फार उदार आहे. पत्र्याचं छप्पर, चार बाकडी, एक भट्टी आणि तिच्यावर चहाचं भगुलं एवढं असलं, की आमच्या बारामती-इंदापूर भागात त्याला हॉटेल म्हणतात. त्यात शहाबादी फरशी घातलेली असली, काचेच्या बरण्यांत शेव आणि गुडदाणी असली आणि गल्ल्यामागे ‘आज रोख, उद्या उधार’ अशी पाटी असली, तर ते मोठं हॉटेल. प्रत्येक फाट्यावर असं एक तरी असायचंच.

पण ही जागा पुरुषांची. एसटी फाट्यावर थांबली की पुरुष चहाला उतरत आणि बायका खिडकीशी बसून राहत. मुलांसाठी कागदात बांधलेली भजी खिडकीतून आत यायची. त्यातली दोन-तीन आईच्या वाट्याला उरली तर उरली. आपल्या घरांत तर याला आणखी एक कडी होती. नकाब वर करून चारचौघांत खायचं कसं, हा प्रश्न असायचा. आणि त्याहून मोठा प्रश्न घरून यायचा: ‘बाहेर कशाला खायचं? घरी काय कमी आहे?’

माझ्या अम्मीचं माहेर इंदापूर आणि सासर बारामती. मधलं अंतर पन्नासेक किलोमीटर. काटेवाडी, भवानीनगर, सणसर, लासुर्णे, निमगाव केतकी आणि मग इंदापूर, ही गावं आम्हा भावंडांना पाढ्यासारखी पाठ होती. ईदच्या दुसऱ्या दिवशी आणि चांदशाहवली बाबांच्या उरुसाला अम्मी माहेरी जायची. निघताना अब्बा बजावायचे, “वाटेत कुठं थांबू नका. पन्नास किलोमीटरला शरियतसुद्धा माणसाला मुसाफिर मानत नाही. नमाज पूर्ण पढावी लागते. मग हॉटेल कशाला पाहिजे?”

अम्मी बुरख्याची बटणं लावता लावता म्हणायची, “नमाजेचं बरोबर आहे. माझ्या कंबरेला कोण समजावणार?”

आम्हाला न्यायला मामू यायचे. त्यांची मॅटाडोर होती. कधी निमगाव केतकीची खायची पानं, कधी भाजी घेऊन ते पहाटे बारामतीच्या बाजारात येत, आणि परतताना आम्हाला घेऊन जात. अम्मी पुढे केबिनमध्ये, मांडीवर धाकटा. आम्ही तिघं मागे, रिकाम्या पोत्यांवर. दोन्ही बाजूंना ऊस. कारखाना सुरू असला की भवानीनगर जवळ आल्याचं नाकालाच कळायचं.

लासुर्ण्याच्या अलीकडे एक हॉटेल होतं. त्याला पाटी नव्हती. मामू तिथं गाडी बाजूला घ्यायचे आणि पहिलं वाक्य ठरलेलं, “दुल्हाभाईंना सांगायचं नाही हां.”

हॉटेलच्या मागच्या कोपऱ्यात फुलाफुलांचा पडदा लावून दोन टेबलांची खोली केलेली होती. बाहेर खडूनं लिहिलेलं असायचं, ‘फॅमिली रूम’. हॉटेलवाले काका स्वतः पडद्यापर्यंत येत, बाहेरच थांबत आणि विचारत, “ताई, आणू का?” अम्मीनं ‘आणा’ म्हटल्यावरच पडदा सरकायचा. मिसळ, पाव, गरम कांदाभजी आणि शेवटी जाड काचेच्या ग्लासात फुल चहा. सगळं शाकाहारी, म्हणून हलाल-हरामची काळजी नाही. अम्मी नकाब वर करून, पाठ भिंतीला टेकवून बसायची. रस्सा संपला की काका बाहेरूनच ओरडायचे, “तर्री वाढू का, ताई?” मला वाटतं, अम्मीला कुणी “वाढू का?” असं विचारणारी ती जगातली एकमेव जागा होती.

आम्हा भावंडांच्या आठवणीत त्या जागेची चव आहे. भाऊ अजूनही कुठलीही मिसळ खाल्ली की म्हणतो, “ती गोष्ट नाही.” मामू गेले, मॅटाडोर विकली गेली, आम्ही पुण्याला स्थायिक झालो. त्या मिसळीची गोष्ट मात्र दर ईदला शिरखुर्म्याबरोबर वाढली जायची, आणि दर वर्षी ती थोडी अधिक झणझणीत व्हायची.

मागच्या हिवाळ्यात इंदापूरला मामेभावाच्या मुलाचा अकीका होता. अम्मी आता सत्तरीच्या पुढे आहे. गुडघे दुखतात, साखर आहे. माझ्या मुलानं गाडी काढली, बारामतीहून नानीला बरोबर घेतलं. निघतानाच ती म्हणाली, “जुन्या हॉटेलावर थांबायचं.”

रस्ता आता ओळखू येत नाही. हा संत तुकाराम महाराजांच्या पालखीचा मार्ग. 8 नोव्हेंबर 2021 रोजी पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली, आणि पाटसपासून बारामती, इंदापूरकडे जाणारा हा रस्ता रुंद होऊ लागला. गावाच्या मधून जाणारी वाट कुठं बाहेरून वळली, कुठं घरांच्या ओसऱ्या आणि दुकानांचे पुढचे भाग गेले. याच वाटेवर आषाढात काटेवाडीला पालखीसाठी धोतरांच्या पायघड्या घालतात, मेंढ्यांचं रिंगण होतं, बेलवाडीला गोल रिंगण होतं. लाखो माणसं पायी जातात आणि गावं त्यांना जेवू घालतात. त्यांच्यासाठी रुंद रस्ता हवाच होता. आम्हीही तासाभराच्या आत निम्म्याहून जास्त अंतर कापलं, ते त्याच रस्त्यामुळे. फक्त वेग एवढा होता की हॉटेल मागे पडलं आणि आम्हाला पुढून वळून यावं लागलं.

जुनी इमारत नव्हती. रुंदीकरणात पुढची बाजू गेलेली, मागची एक भिंत उभी. तिला लागून पत्र्याची शेड. काका कधीच गेले होते. कढईपुढे त्यांची सून उभी होती, चाळिशीची, पदर कमरेला खोचलेला. फॅमिली रूम नाही, पडदा नाही, दोन प्लॅस्टिकची टेबलं. माझा मुलगा हिरमुसला. लहानपणापासून ऐकलेली जागा अशी निघाली याचं त्याला वाईट वाटलं. “नानी, पुढं चांगलं हॉटेल बघू या,” तो म्हणाला.

अम्मी शांतपणे खुर्ची ओढून बसली. मिसळ आली. चव वेगळीच होती. अम्मीनं चवीबद्दल एक शब्द काढला नाही. तिचं लक्ष त्या बाईकडे होतं. थोड्या वेळानं तिनं विचारलं, “किती वाजता उठतीस गं?”

“चारला. पाचला भट्टी पेटवती.”

“आणि खातीस कधी?”

ती हसली. “होतंय की कधीतरी. गिऱ्हाईक कमी झालं की.”

“आता गिऱ्हाईक कुठं आहे? आम्हीच आहोत. बस. दोन घास खा.”

ती नको नको म्हणत राहिली. अम्मीनं आपल्या डब्यातली खिमा-पुरी काढली, मग तिला विचारलं, “चालतं ना तुला?” ती म्हणाली, “आज गुरुवार, ताई.” अम्मीनं डबा बंद केला आणि माझ्या मुलाला सांगितलं, “ऊठ. मावशीला एक प्लेट भरून दे. पैसे आपण देऊ.” माझ्या इंजिनीअर मुलानं भांबावत पातेल्यातली मिसळ वाढली, वर शेव घातली, बशीत पाव ठेवले. ती बाई आपल्याच हॉटेलात गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसली. पहिले दोन घास संकोचानं, नंतर सावकाश, नीट जेवली. पैसे मात्र तिनं शेवटपर्यंत घेतले नाहीत.

गाडीत बसल्यावर मुलगा म्हणाला, “नानी, तुझं हॉटेल गेलं.”

“गेलं तर गेलं,” अम्मी म्हणाली. “मला काय भिंतीचं कौतुक होतं? तिथं संडाससुद्धा नव्हता. निघायच्या आधी दोन तास पाणी पीत नव्हते मी.” मग थोडं थांबून म्हणाली, “वर्षातून दोनदा मला कुणीतरी वाढत होतं. उठायचं नव्हतं, भांडी घासायची नव्हती. बस, तेवढंच.”

अकीका आटोपून दुसऱ्या दिवशी आम्ही सोलापूर महामार्गानं भिगवणकडून परतलो. उजनी धरण 1980 साली पूर्ण झालं. त्याच्या पाण्याखाली इंदापूर तालुक्यातली गावं आणि काळी जमीन गेली, आणि त्याच पाण्यावर नंतर मासेमारी उभी राहिली. आज भिगवणची ओळख रोहित पक्ष्यांइतकीच माशांच्या जेवणाची आहे. आपल्या लोकांना तिथं एक सोय आहे. माशाला जबीहाचा प्रश्न नाही, त्यामुळे कुणालाही न विचारता निवांत बसता येतं. हॉटेल मोठं होतं, स्वच्छ होतं, बायकांसाठी वेगळं स्वच्छतागृह होतं. तळलेली चिलापी आली, रस्सा आला, भाकरी गरम गरम येत राहिली. वाढणाऱ्या पोरानं विचारलं, “आजी, अजून भाकरी?” अम्मीनं “आण” म्हटलं आणि पाठ खुर्चीला टेकवली. ती त्या पडद्यामागे बसायची, अगदी तशीच.

जुन्या हॉटेलांची आठवण काढताना आपण नेहमी चव, वास, बरण्या, बाकडी यांच्याबद्दल बोलतो. ते खरंच आहे. पण त्या आठवणीत घरातली प्रत्येक व्यक्ती वेगवेगळ्या खुर्चीवर बसलेली असते. मुलांना भजी आठवतात, पुरुषांना गप्पा, आणि अम्मीसारखीला फक्त एवढंच की तिथं तिला उठावं लागलं नाही. ‘घरी काय कमी आहे?’ या अब्बांच्या प्रश्नात वाईट काही नव्हतं. पैसा जपून वापरणारा, कष्टाळू माणूस होता तो. घरी खरंच काही कमी नव्हतं. दस्तरख्वान नेहमी भरलेला असायचा. फक्त तो भरणारी सगळ्यात शेवटी, तव्याशेजारी बसून जेवायची. आपले नबी (सल्ल.) घरात असताना घरच्यांच्या कामाला हातभार लावत, हे आपण वाअजमध्ये कितीदा तरी ऐकतो. ऐकून उठतो आणि जेवायला बसतो.

हॉटेलात जेवायला सगळ्यांना परवडतं असं नाही, आणि रोज बाहेर खाणं चांगलंही नाही. त्याची गरजही नाही. आमच्याकडे परतल्यावर मुलानं जुम्म्याची रात्र आपल्याकडे घेतली आहे. त्याला खिचडी आणि अंड्याचा रस्सा, एवढंच येतं. खिचडी कधी खाली लागते, कधी मीठ राहतं. अम्मी आमच्याकडे असली की तिला आधी बसवतो आणि तिच्यासमोर ताट ठेवतो. पहिल्या जुम्म्याला ती तीनदा उठली: पाण्यासाठी, लोणच्यासाठी आणि उगाच. चौथ्यांदा उठू लागली तेव्हा त्यानं खांद्यावर हात ठेवून विचारलं, “नानी, वाढू का?”

वाचकहो, आज तुमच्या अम्मीला, दादीला किंवा बायकोला एवढंच विचारून बघा, तिनं न शिजवलेलं आणि न वाढलेलं जेवण ती शेवटचं कधी जेवली. उत्तर द्यायला तिला किती वेळ लागतो, तेही बघा.