अब्बांच्या गोळ्या

आळंदीत आमचं घर पखवाजवाल्याचं. पुडी बदलणं, वाद्या ताणणं, शाई घोटून लावणं हा अब्बांचा धंदा. वारीच्या आधी महिनाभर त्यांना जेवायला सवड नसे. गिऱ्हाईक माळकरी आणि अब्बा पाच वक्ताचे नमाजी, पण एका बाबतीत दोघांचं पक्कं जमायचं. नशापाणी वर्ज्य. अब्बांनी उभ्या आयुष्यात तंबाखूची चिमूट दाढेला धरली नाही.

2012 साली त्यांच्या मणक्यात कॅन्सर उतरला. मूळ प्रोस्टेटचं, आम्हाला कळलं उशिरा. जिथे दाखवलं तिथल्या डॉक्टरांनी "आता घरी न्या" म्हणून सांगितलं आणि सोबत गोळ्या दिल्या, चाकणच्या कारखान्यातली पोरं अंग दुखल्यावर घेतात तसल्याच. रात्री अब्बा उशीची खोळ दातांत धरून पडायचे, शेजारी आवाज जाऊ नये म्हणून. आम्ही तिघे भाऊ आणि आपा पाळीपाळीने उशाशी बसायचो. खरं सांगायचं तर पाळी संपायची वाट पाहायचो.

मॉर्फीन हे नाव आम्हाला पखवाज शिकायला आलेल्या एका वारकरी मुलाने सांगितलं. त्याच्या आजीला ते मिळालं होतं. आम्ही भोसरी, पिंपरी, चिंचवडची औषधांची दुकानं पालथी घातली. एका दुकानदाराने असं पाहिलं, जणू आम्ही गर्दच मागतोय. दाढी, टोपी आणि मागणी अफूच्या औषधाची! त्याला तरी काय बोल लावायचा?

कायद्याची भानगड मागाहून वाचून कळली. 1985 साली अमली पदार्थांविरुद्ध एनडीपीएस कायदा आला, दहा-दहा वर्षांच्या कैदेचा. औषध म्हणून मॉर्फीनला त्यात बंदी नव्हती. पण ठेवायला परवाना, आणायला परवाना, न्यायला परवाना, आणि एक हाती येईस्तोवर दुसऱ्याची मुदत सरलेली. कटकट नको म्हणून इस्पितळांनी ते ठेवणंच सोडलं. 1997 साली सबंध देशात वापरलेलं मॉर्फीन भरलं 18 किलो. इकडे नीमच-मंदसौरला, चित्तोडगडला सरकारच्याच परवान्याने अफू पिकते, नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत जाते आणि परदेशी रवाना होते. ज्यांच्या मातीत पिकते त्यांनी खोळ चावावी.

शेवटी वारज्याचं सिप्लाचं केंद्र सापडलं. अशा रुग्णांसाठी ते 1997 पासून आहे, पैसे घेत नाहीत. दहा मिलिग्रॅमची गोळी, चार-चार तासांनी, सोबत पोट साफ राहण्याचं औषध. आम्ही मोठ्या आनंदाने घरी आलो, तर अब्बा अडून बसले.

"अफीमच हाय ना ये? मरते वखत कलमा याद नै आया तो?"

आम्ही पेशइमामसाहेबांकडे गेलो. त्यांनी लगेच उत्तर दिलं नाही, थोरांना विचारतो म्हणाले. दोन दिवसांनी सांगितलं, दुसरा इलाज नसेल आणि हकीम सांगेल तेवढंच घेतलं तर गुनाह नाही. इब्न सिनानेही दुखण्यावर अफू लिहून ठेवली आहे, हेही सांगितलं. अब्बांनी ऐकून घेतलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

वारज्याच्या डॉक्टरबाईंना फोनवर हे कळवलं. त्या म्हणाल्या, चाचांकडे द्या.

"चाचा, एवढं दुखत असताना नमाजमध्ये आपण काय म्हणतोय हे ध्यानात राहतं का?"

अब्बा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "नै."

नशेत नमाजला उभं राहू नये हा हुकूम कशासाठी, तर माणसाला आपण काय बोलतो हे कळावं म्हणून. ते तर दुखण्यानेच हिरावून घेतलं होतं. असरनंतर त्यांनी पहिली गोळी घेतली.

पहिले दोन दिवस झोपच झोप. आम्ही घाबरलो. तिसऱ्या दिवशी टेकून बसले आणि इशाऱ्याने नमाज पढले, पूर्ण. संध्याकाळी कुणाचा पखवाज दुरुस्तीला आला होता. थाप ऐकून पडल्यापडल्याच म्हणाले, शाई जास्त झाली, उतरव.

गोळ्या आणायला जाणारा भाऊ खिशात डॉक्टरांचा कागद ठेवायचा, प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून. कार्तिकीच्या नाकाबंदीत त्याची गाडी अडवली तेव्हा गोळ्यांच्या आधी कागद बाहेर काढला. हवालदाराने तो दोनदा वाचला आणि सोडलं. भावाचे हात मात्र घरी येईपर्यंत थरथरत होते.

2014 साली संसदेने कायद्यात दुरुस्ती केली. मॉर्फीनसारखी औषधं आवश्यक ठरली, परवान्यांचा घोळ कमी झाला. ऑस्ट्रेलियाने तर 2023 पासून हट्टी नैराश्यावर मशरूममधलं सायलोसायबिन लिहून द्यायची मुभा ठराविक मानसोपचारतज्ज्ञांना दिली आहे. आपल्याकडे ते अजून एनडीपीएसच्या यादीत. आमच्या गल्लीत कुणाला हे दुखणं लागलं, की आजही माणसं आधी आमच्याकडेच विचारायला येतात. दुकानदाराची ती नजर कायद्याने बदललेली नाही.

अब्बा त्याच हिवाळ्यात फजरच्या वक्ताला गेले. ओठ हलत होते, आपाने कान लावून ऐकलं. चौदा गोळ्या उरल्या होत्या. दफननंतर चौथ्या दिवशी आम्ही त्या वारज्याला परत नेऊन दिल्या. सिस्टरने दोनदा मोजल्या, वहीत लिहिल्या आणि आमची सही घेतली.