सावरगावाहून सागराकडे

पांढुर्णा आणि सावरगाव या दोन वस्त्यांच्या मधून जाम नदी वाहते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी या नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात आणि ते हस्तगत करण्यासाठी दोन्ही तीरांवरील लोक परस्परांवर दगडांचा वर्षाव करतात. हीच ती प्रसिद्ध गोटमार. आख्यायिका अशी की, पांढुर्ण्याचा एक तरुण सावरगावच्या एका कन्येस घेऊन नदी ओलांडीत होता. दोन्ही काठांवरून दगड आले आणि ती जोडी पैलतीरास पोहोचलीच नाही. कथा खरी असो वा नसो, दोघांनी मिळून पाणी ओलांडावे आणि पलीकडे सुखाने विसावावे, ही माणसाच्या मनातील फार जुनी आस तीत साठवलेली आहे.

याच सावरगावातील एका कुटुंबाने अलीकडे आम्हांस एक निराळाच प्रश्न घातला. आईवडिलांच्या विवाहाचा सुवर्णमहोत्सव जवळ आला होता. उभा जन्म संत्र्याच्या बागेत आणि कपाशीच्या शेतात गेलेला; आईचे गुडघे दुखू लागलेले. समुद्र दोघांनीही पाहिलेला नाही. मुलांच्या मनात आले की, त्यांना मोठ्या जहाजातून चार दिवसांची सफर घडवावी. “फादर, कोणत्या कंपनीचे जहाज घ्यावे?” असे त्यांनी विचारले. आम्ही काही बोलण्यापूर्वीच ती माउली हळूच म्हणाली, “पण फादर, तिथं मले चहा करावा लागन का?”

सारे हसले. आम्हांस मात्र वाटले की, निवडीचे सारे मर्म त्या एका प्रश्नात आले. पन्नास वर्षे जिने सर्वांच्या आधी उठून चूल पेटवली, तिला कोणी हातात आयता पेला देणे हाच तिचा खरा लाड होय. जहाजावर नाचघरे किती आणि दिव्यांच्या माळा किती, ही गणना मागाहून करावी. ज्याच्यासाठी सहल काढावयाची त्याला विसावा कशाने मिळेल, हे आधी ठरवावे.

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर समुद्रप्रवास म्हणजे आराम, हे समीकरण अगदी नवे आहे. संत फ्रान्सिस झेवियर ७ एप्रिल १५४१ रोजी लिस्बनहून निघाले ते ६ मे १५४२ रोजी गोव्यास पोहोचले. मध्ये मोझांबिक येथे महिनोन्‌महिने अडकून पडावे लागले. पुढे आगबोटी आल्या. भाऊच्या धक्क्यावरून कोकणात जाणाऱ्या चाकरमान्याला बोटीवरची जागा म्हणजे पथारीपुरती फळी, एवढेच ठाऊक होते. १७ जुलै १९४७ रोजी, ऐन पावसाळ्यात, रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक जीव समुद्राने गिळले. त्या दिवसाची आठवण आजही किनाऱ्यावरच्या घराघरांत आहे. नंतरच्या काळात ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ या बोटींनी मुंबई-गोवा मार्गावर पुष्कळांची ने-आण केली. पण तोही प्रवासच होता, विहार नव्हे.

विहारासाठी जहाज ही कल्पना मुंबईच्या बंदरात गेल्या काही वर्षांतच रुजली. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ ही नौका सुरू झाली. तिचे नाव कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या समुद्रातील प्रवाळ-भूमीवरून घेतले होते. काही काळाने ती सेवा बंद पडली. २०१९ मध्ये ‘जलेश’ कंपनीचे ‘कर्णिका’ हे जहाज आले. महामारीत २०२० साली कंपनीचा कारभारच आटोपला आणि जहाज अलंगला मोडीत निघाले. सप्टेंबर २०२१ पासून ‘कॉर्डेलिया’ कंपनीचे ‘एम्प्रेस’ हे जहाज मुंबईहून गोवा, लक्षद्वीप आदी ठिकाणी सफरी करू लागले. इटलीची ‘कोस्टा’ कंपनीही २०१६ पासून काही हिवाळ्यांत आपली जहाजे मुंबईस आणीत असे.

या इतिहासातून पहिला धडा निघतो. जहाज कितीही मोठे असले तरी कंपनी बंद पडू शकते. म्हणून वर्ष-दीड वर्ष आधी सारे पैसे भरून मोकळे होऊ नये. सफर रद्द झाली तर किती रक्कम परत मिळेल, किती दिवसांत मिळेल, हे कागदावर वाचूनच पैसे भरावेत. दलालाच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

दुसरी गोष्ट ऋतूची. अरबी समुद्र पावसाळ्यात खवळलेला असतो. म्हणून मुंबईच्या सफरी पावसाळ्यात थांबतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत शांत. आमच्या संत्रा-बागाईतदारांना हे सोयीचे आहे. आंबिया बहराची फळे उतरली की हात मोकळा होतो आणि गाठीला पैसाही असतो. प्रेषितांच्या कृत्यांतील संत पौलाची गोष्ट वाचकांना आठवत असेल. प्रवासाचा ऋतू सरला आहे असे त्याने बजावले. शताधिपतीने मात्र तांडेल आणि जहाजाचा मालक यांचे ऐकले. परिणाम मेलिता बेटाच्या किनाऱ्यावर दिसला. समुद्राचे वेळापत्रक मालकाच्या सोयीने चालत नाही.

तिसरी गोष्ट जहाजाच्या आकाराची. २०२४ च्या जानेवारीत अमेरिकेतील मायामीहून निघालेले ‘आयकॉन ऑफ द सीज’ हे सुमारे अडीच लाख टनांचे आहे. त्यात सात हजारांवर प्रवासी मावतात. आपले ‘एम्प्रेस’ १९९० मध्ये फ्रान्समध्ये बांधलेले, सुमारे साडेअठ्ठेचाळीस हजार टनांचे, २११ मीटर लांबीचे. हे टन वजनाचे नव्हेत, आतील जागेचे माप आहे. या आकड्याला प्रवाशांच्या संख्येने भागले, तर माणशी किती जागा येते ते कळते. गर्दी किती जाणवेल याचा हा साधा हिशेब आहे. भागाकार मोठा येईल तितकी ऐसपैस जागा. तसेच किती प्रवाशांमागे एक सेवक, हेही विचारावे. जिथे लाडकोड अधिक, तिथे हे प्रमाण अधिक आणि भाडेही अधिक. गंगेवरील ‘गंगा विलास’ नौका जानेवारी २०२३ मध्ये वाराणसीहून दिब्रुगढकडे निघाली तेव्हा तिच्यात अवघ्या छत्तीस प्रवाशांची सोय होती. पण ती एकावन्न दिवसांची सफर शेतकऱ्याच्या आवाक्यातली नव्हे.

चौथी गोष्ट खोलीची. आतल्या बाजूची बिनखिडकीची खोली सर्वांत स्वस्त, मग खिडकीची, मग सज्जाची. ज्यांनी समुद्र पाहिलेलाच नाही त्यांच्यासाठी खिडकीपुरते पैसे खर्चावेत असे आमचे मत आहे. खोली जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर घेतली तर डोलणे कमी जाणवते आणि मळमळ टळते. ती उद्वाहकाजवळ असावी. नाचघराच्या किंवा पोहण्याच्या तलावाच्या खाली नसावी. नाहीतर विश्रांतीसाठी जावे आणि रात्रभर ढोल ऐकावा, अशी गत व्हायची.

पाचवी गोष्ट उतरण्याची. गोव्यात जहाज मुरगाव बंदराच्या धक्क्याला लागते. तेथून मोटारीने जुन्या गोव्यास जाऊन बॉम जेझू मंदिरात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन घेता येते. लक्षद्वीपला मात्र मोठे जहाज किनाऱ्याला लागत नाही. भर समुद्रात लहान होडीत उतरावे लागते. दुखऱ्या गुडघ्यांना ते झेपेल काय, याचा विचार मुलांनी आधी करावा.

सहावी गोष्ट पैशाची. जाहिरातीतील आकडा बहुधा माणशी असतो, तोही एका खोलीत दोघे धरून. त्यावर बंदराचे शुल्क, कर, सेवकांची बक्षिसी, पेये आणि किनाऱ्यावरील सहल यांची भर पडते. पांढुर्ण्याहून मुंबईपर्यंतचे आगगाडीचे भाडे आणि तिथला एक मुक्कामही धरावा. जहाज सुटण्याच्या दिवशीच मुंबईत पोहोचण्याचे धाडस करू नये, कारण उशिरा येणाऱ्या गाडीसाठी जहाज थांबत नाही. एवढी बेरीज कर्जाशिवाय होत असेल तरच निघावे. पुढच्या हंगामाची उचल घेऊन केलेली सहल आईवडिलांच्या गळ्याखाली उतरणार नाही.

सातवी गोष्ट जिवाची. १९१२ मध्ये ‘टायटॅनिक’ बुडाले तेव्हा सर्वांना पुरतील इतक्या जीवरक्षक होड्या त्यावर नव्हत्या. त्यातून आंतरराष्ट्रीय सुरक्षा-नियम जन्मले. १३ जानेवारी २०१२ रोजी ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ इटलीच्या किनाऱ्यालगत खडकावर आदळले आणि बत्तीस जण प्राणास मुकले. त्यानंतर नियम अधिक कडक झाले. प्रवाशांची सुरक्षा-कवायत आता जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेतली जाते. ही कवायत कंटाळवाणी म्हणून कोणी टाळू नये. आईवडिलांना आपले जमण्याचे ठिकाण आणि जीवरक्षक जाकीट कुठे आहे, हे पहिल्या तासातच दाखवून ठेवावे.

शेवटची गोष्ट जाहिरातीत कुठेच छापलेली नसते. तो आयता चहा कोणीतरी केलेला असतो. जगातील असंख्य जहाजांवर वाढणारे, धुणारे, बिछाने घालणारे हात गोव्याच्या, वसईच्या आणि आपल्यासारख्याच खेड्यांतील मुलामुलींचे आहेत. घरापासून अनेक महिने दूर राहून ते दुसऱ्यांचे लाड पुरवितात. त्यांच्या कामाचे तास, विश्रांती आणि वेतन यांसाठी २००६ चा सागरी श्रम-करार आहे. भारताने तो २०१५ मध्ये मान्य केला. आपल्या घरातील तरुणांनाही जहाजावर नोकरी लावतो म्हणून कोणी पैसे मागू लागला, तर सावध व्हावे. नौवहन महासंचालनालयाचा परवाना असलेल्या संस्थेमार्फतच भरती व्हावी आणि नोकरी देण्याबद्दल उमेदवाराकडून शुल्क घेऊ नये, असा नियम आहे. जहाजात बसल्यावर मात्र आपले काम सोपे आहे: सेवकाला नावाने हाक मारावी, पानात टाकू नये, बक्षिसीत हात आखडू नये. दुसऱ्याला राबवून नव्हे, तर त्याच्या कष्टाची जाण ठेवून घेतलेला विसावाच अंगी लागतो.

विसावा ही चैन नव्हे. शिष्य दमून परतले आणि त्यांना जेवायलाही सवड उरली नाही, तेव्हा प्रभूने त्यांना एकान्ती येऊन थोडे विसावण्यास सांगितले. आणि ते तिथे गेले तेही तारवात बसूनच, असे संत मार्क लिहितो. ज्याने शब्बाथ नेमून दिला, त्याला थकल्या गुडघ्यांची काळजी नसेल असे कसे म्हणावे?

आम्ही त्या मुलांना सांगितले की, मुंबईहून गोव्यापर्यंतची लहानात लहान सफर, हिवाळ्यातली, खिडकीची खोली आणि संगतीला घरचे एक माणूस, एवढे पुरे आहे. अधिकाचा हव्यास नको. आईच्या प्रश्नाचे उत्तर मात्र आम्ही मुलांवरच सोपविले. जहाजावर तिला चहा करावा लागणार नाही, हे निश्चित. चार दिवसांनी सावरगावास परतल्यावर पहाटेची चूल कोण पेटवणार, हे कोणतीही कंपनी ठरवू शकत नाही. ते त्या घराने ठरवावयाचे आहे.