झाकणे आणि खोडणे

झाकणे आणि खोडणे या दोन क्रिया दिसायला सख्ख्या बहिणी. पण एकीच्या स्वभावाचा दुसरीला वाराही लागलेला नाही. खोडलेले गेले ते गेलेच. झाकलेले मात्र हात बाजूला केला की होते तिथेच सापडते. दिवाळीत अंगणात छापा ठेवून रांगोळी भुरभुरवणाऱ्या पोरीला हे कुणी शिकवावे लागत नाही. छिद्र असेल तेथे रंग पडतो, पत्रा असेल तेथे जमीन कोरी राहते. संगणकावर फोटो दुरुस्त करणारे ज्याला ‘मास्क’ म्हणतात, तो या छाप्याचाच शिकलासवरलेला भाऊ.

आमच्या ओझरला ही विद्या नवी नाही. 1964 साली येथे मिग विमानांचा कारखाना आला आणि गावाच्या नावाला ‘मिग’ हे शेपूट चिकटले ते कायमचेच. विमान रंगवताना जेथे रंग नको तेथे कागद आणि चिकटपट्टी लावतात, मग फवारा मारतात. पट्टी सोलली की कड कशी सुरीने कापल्यासारखी निघते! आमच्याच जिल्ह्यात, त्र्यंबकेश्वरला 1870 साली जन्मलेले दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्याआधी फोटोग्राफीचा धंदा करीत, आणि पडद्यावरच्या चमत्कारांत त्यांचा हातखंडा होता. त्या काळचे कॅमेरेवाले भिंगापुढे काळा पुठ्ठा धरून अर्धी फिल्म झाकीत, उरलेल्या अर्धीवर चित्र घेत, फिल्म मागे फिरवून मग झाकलेली बाजू उघडीत. एकच माणूस स्वतःशी गप्पा मारताना दिसे, तो असा.

पुढे 1990 साली नोल बंधूंचा ‘फोटोशॉप’ बाजारात आला, 1994 साली त्यात एकावर एक ठेवायचे थर आले, आणि पुठ्ठ्याची जागा कुंचल्याने घेतली. कायदा साधा आहे. मास्कवर पांढरे फासले की खालचे चित्र दिसते, काळे फासले की लपते, आणि करडे फासले की अर्धवट दिसते. सारी मौज कुंचल्याच्या आकारात. दाराची चौकट कातरायला कडक काठाचा गोल कुंचला हवा; गालावरच्या सावलीला मऊ काठाचा, धूप पसरावा तसा विरत जाणारा. कानामागून सुटलेल्या चार केसांसाठी मात्र केसाएवढ्याच टोकाचा कुंचला घेऊन देवाचे नाव घ्यावे.

हा नाद मला निवृत्तीनंतर जडला. गेल्या वर्षी आमच्या गल्लीतल्या एक ताई लग्नातला जुना काळापांढरा फोटो घेऊन आल्या. वऱ्हाडी मंडळी ऐटीत पुढे बसलेली. आणि अगदी कडेला, दाराच्या सावलीत अर्धे तोंड बुडालेली त्यांची आई. ऐन तिशीत विधवा झालेली. शुभकार्यात पुढे यायचे नाही, हा तेव्हाचा दंडक. आईचा दुसरा फोटोच नव्हता. ताईंच्या भावाला नव्या घरात लावायला तो मोठा करून हवा होता, आणि त्याचा निरोप होता, “आईच्या कपाळावर कुंकू काढा. जन्मभर मिळालं नाही, निदान फोटोत तरी मिळू दे.”

मी आईला गर्दीतून वेगळी केली. पदराची कड कडक कुंचल्याने, केस बारीक कुंचल्याने. कुंकवाचा ठिपका स्वतंत्र थरावर ठेवला आणि ताईंना दोन्ही रूपे दाखवली: एकदा कुंकवासह, एकदा तो थर झाकून.

ताई बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “भाऊ, कुंकू लावायचं होतं ते ती असताना. तेव्हा आम्ही कुणी तिला हात धरून आरशापुढे उभं केलं नाही. आता फोटोत लावलं तर सुटका आमची होईल, तिची नाही. कपाळ राहू द्या तसंच. तोंडावरची दाराची सावली तेवढी काढा.”

2022 च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तोच कित्ता गिरवायला सांगितले. पण ठराव पुढच्या बायांच्या कामाचा. मागे होऊन गेलेल्यांचे काय करायचे, हे घरोघरी ज्याचे त्यानेच ठरवायचे.

सावली काढायला मला दोन रात्री लागल्या. उजळ थर वर घेतला, त्याचा मास्क काळा केला आणि मऊ कुंचल्याने करडा हात फिरवीत गेलो. एकदम पांढरे फासले असते तर चेहरा पिठासारखा दिसला असता. हळूहळू डावा डोळा वर आला, मग ओठांची कड. बाई हसत होती! इतकी वर्षे ते हसू सावलीतच होते.

फोटो कोऱ्या कपाळानेच छापला. भावाने तो पाहिला, काही बोलला नाही, आणि दिवाणखान्यात समोरच्या भिंतीवर लावला. कुंकवाचा थर माझ्या संगणकावर अजून आहे, झाकलेला. तो खोडून टाकायला माझा हात होत नाही. लेकाची मायाही काही खोटी नव्हती.