शब्दाची घसरण

शब्दांनाही चरित्र असते. दुर्बळांना छळणाऱ्या दांडगटाला इंग्रजीत ‘बुली’ म्हणतात. परंतु १६ व्या शतकात हा शब्द ‘जिवलग’ या अर्थी योजीत. शेक्सपिअरच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ या नाटकात बॉटम नावाच्या विणकऱ्याला त्याचे सोबती याच शब्दाने लाडाने हाक मारतात. पुढे त्याचा अर्थ ‘उमदा गडी’, मग ‘बढाईखोर’ आणि १७ व्या शतकाच्या अखेरीस ‘दुर्बळांचा छळ करणारा’ असा घसरत गेला.

मराठीतील ‘दादा’ची कथा फारशी निराळी नाही. पाठीशी उभा राहणारा वडील भाऊ तो दादा; आणि धाक दाखवून लुबाडणारा, तोही दादाच! बळ दोघांपाशीही असते. ते कोणाच्या कामी येते, यावर शब्दाचा मान ठरतो. मुलांनो, धाकट्यांनी तुम्हांला दादा म्हणावे, ते कोणत्या अर्थाने?