पदरावरून पोट चाचपणं

माझी डीआरसी दर वेळी सातव्या-आठव्या मिनिटाला मरायची. आरडाओरडा नाही, एररचा लाल मजकूर नाही. लॉगमधली शेवटची ओळ अर्ध्या शब्दावर तुटलेली, बस्स.

डीआरसी म्हणजे चिपच्या नकाशातल्या तारा एकमेकींना फार चिकटल्यात का, कुठे नको तितक्या बारीक झाल्यात का, याची तपासणी. नियम फाउंड्रीचे, म्हणजे चिप प्रत्यक्ष बनवणाऱ्या कारखान्याचे. पुण्यात नोकरीला लागून मला सहावा आठवडा होता. दोन दिवस मी कोणाला काही बोलले नाही, कारण चूक माझीच असणार अशी खात्री होती. (होतीही. पण ते पुढे.) तिसऱ्या दिवशी लीड मॅडम म्हणाल्या, "व्हेंडरकडे केस टाक ना."

व्हेंडर म्हणजे ही तपासणी करणारं टूल विकणारी कंपनी. टाकली केस. तासाभरात नोएडाहून त्यांच्या एईचं उत्तर आलं. अ‍ॅप्लिकेशन इंजिनिअर असं पूर्ण इथे कोणी म्हणत नाही, एईच म्हणतात. त्याला टेस्टकेस हवी होती: बिघाड तिथेही जसाच्या तसा घडेल एवढा तुकडा बांधून पाठवा. मी लगेच फायली झिप करायला घेतल्या, तर मॅडमनी मागून येऊन माझा माऊसच धरला. फाउंड्रीचं पीडीके, म्हणजे तिचे नियम, मॉडेल्स, थरांची माहिती, हे सगळं गुप्ततेच्या करारात बांधलेलं. करार आपला आणि फाउंड्रीचा. टूल विकणारा त्यात कुठेच नाही. "पाठवायचं काही नाही. स्क्रीनवर दाखवायचं. आणि तेही सगळं नाही."

मिरजेला माझी आजी डॉक्टरांकडे गेली की अशीच वागायची. पोट दुखतंय, पण पदर हलवायचा नाही. डॉक्टरांनी वरूनच चाचपावं आणि औषध द्यावं.

मीटिंग सुरू झाली. मॅडमनी बजावलं होतं, पूर्ण डेस्कटॉप शेअर करू नकोस, एकच विंडो कर. मी इमानदारीत एकच विंडो शेअर केली, व्हीएनसीची. आता आमचे लॅपटॉप नावालाच. टूल चालतं सर्व्हररूममधल्या लिनक्सवर, आणि त्या लिनक्सचा अख्खा डेस्कटॉप व्हीएनसीच्या एका विंडोत मावतो. त्यात माझा लेआउट रंगीबेरंगी पसरलेला. मॅडम शेजारून आवाज न काढता ओठांनी "लेआउट! लेआउट!" करत होत्या. मला वाटलं, त्या तो मोठा करायला सांगतायत. केला. मग त्यांनीच हात लांब करून शेअरिंग बंद केलं.

दुसऱ्या खेपेला फक्त टर्मिनल आणि टूलचा कन्सोल. एईने कंट्रोल मागितला. द्यावा की नाही, असं विचारणारा चौकोन माझ्यासमोर आला. मॅडमची मान आडवी हलली. म्हणजे बोटं माझी आणि डोकं नोएडाचं. कोणी बघत असलं की माझे हात परके होतात. 'एलएस' टाइप करायला गेले की 'एसएल' उमटतं. त्यात अक्षर दिसायला क्षणभर उशीर, म्हणून मी परत दाबायची, मग दोन्ही येऊन पडायची. त्याला दिसत होतं ते चित्राचं चित्र: सर्व्हर माझ्या लॅपटॉपवर, माझा लॅपटॉप त्याच्या. "हा आकडा एक आहे की एल?" असं त्याने चारदा तरी विचारलं असेल.

"इको, स्पेस, डॉलर, एलडी अंडरस्कोर लायब्ररी अंडरस्कोर पाथ." लिहिलं. असं व्हेरिएबलच नाही, असं उत्तर. "कॅपिटलमध्ये." परत लिहिलं. परत नाही. तो जरा थांबला आणि म्हणाला, "मॅडम, आप टूल के कन्सोल में हो." आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी मॅडम म्हटलं ते हे. पण चुकणार नाही तर काय? टर्मिनलमधल्या शेलचा प्रॉम्प्ट टक्क्याचं चिन्ह, टूलच्या टीसीएलचा प्रॉम्प्टही टक्क्याचंच. ही टीसीएल भाषा बर्कलीत जॉन ऑस्टरहाउट यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस घडवली, तीही मुळात चिप डिझाइनच्या टूल्ससाठी. तेव्हाच एखादं वेगळं चिन्ह निवडलं असतं तर माझी तेवढी शोभा टळली असती.

योग्य टर्मिनलमध्ये लिहिल्यावर फोल्डरांची लांबलचक ओळ आली आणि तिच्या तोंडाशीच माझं होम फोल्डर, त्यात पायथनचा एक संच. टूलला मध्येच एक लायब्ररी लागते, ती ते याच क्रमाने शोधतं. नावाने तीच, पण भलत्या आवृत्तीची माझ्याकडची आधी सापडायची आणि ते कोसळायचं.

"ये लाइन किसने डाली?"

टर्मिनल उघडताना शेल जी सेटिंग्ज वाचतो ती सीएसएचआरसी फाइल मी कॉलेजातल्या मित्राकडून जशीच्या तशी उतरवली होती, तिच्यातली ती ओळ. म्हटलं, "बघते." मॅडम खिडकीबाहेर बघू लागल्या.

ओळ काढली, नवं टर्मिनल उघडलं, रन लावला. आठवं मिनिट गेलं, दहावं गेलं. एईने केस बंद करताना कारणाच्या रकान्यात 'युजर एन्व्हायर्नमेंट' एवढंच लिहिलं. युजरचं नाव घातलं नाही, याबद्दल मी त्याची अजून ऋणी आहे.

विसाव्या मिनिटाला डीआरसी पूर्ण झाली. १३१२ एरर. त्या मात्र खऱ्याखुऱ्या माझ्या तारांच्या होत्या.