उरलेला खांब

गणिताशी माझी ओळख वाण्याच्या हिशेबापलीकडे कधी गेली नाही. तरी मूळ संख्यांविषयी मला मोठे कौतुक वाटते. एक आणि ती स्वतः यांखेरीज कोणीही त्यांना निःशेष भागू शकत नाही. त्यांची सारखी वाटणी करणारा कारकून जन्माला यायचाच नाही! २०२४ साली सापडलेली अशी एक संख्या तर लिहायलाच ४,१०,२४,३२० अंक लागतात. दोनाचा १३,६२,७९,८४१ वा घात करून त्यातून एक वजा केला की ती मिळते. एवढा पसारा, पण वाटणी नाही! शिवाय अशा संख्यांना शेवटच नाही, हे युक्लिडने केव्हाच सिद्ध केले आहे.

आम्हां तिघा भावांच्या चुली वेगळ्या झाल्या, त्या वर्षीही आम्ही नेमाप्रमाणे एकवीरेच्या दर्शनाला कार्ल्याला गेलो. हंडे-कळश्या वाटून झाल्या होत्या. आईचे वर्षही चार-चार महिन्यांनी बिनतक्रार भागले होते. देवळालगतच्या त्या सुमारे दोन हजार वर्षांच्या चैत्यगृहात धाकट्या पुतणीने खांब मोजले. दोन्ही अंगांना पंधरा-पंधरा, स्तूपामागे साधे अष्टकोनी सात, एकूण ३७.

"काका, तिघांना किती-किती येतील?"

"बारा-बारा. एक उरेल."

"तो उरलेला माझा हो," आई शांतपणे म्हणाली.

आम्ही तिघेही गप्प झालो. तेव्हापासून आई कोणाच्याच वाट्याला नाही. मनाला येईल त्या घरी ती जाते, आणि वाटेल तितके दिवस राहते.