द्राक्षाच्या मागोमाग : सटाणा ते मुंबई



आपल्या बागलाणात माघ महिना थोडा उसंतीचा असतो. अर्ली द्राक्षांचा माल गेलेला असतो. उन्हाळ कांद्याची लागण आटोपलेली असते आणि काढणीला अवकाश असतो. अशा वेळी घरात विषय निघतो, दोन-तीन दिवस कुठे तरी जाऊन येऊ. मग वणी, शिर्डी, त्र्यंबकेश्वर ही नावे निघतात. देवदर्शन चांगलेच आहे. पण या वेळी मी तुम्हाला एक वेगळी सहल सुचवणार आहे. पहिला दिवस नाशिकचे वाइन द्राक्षांचे मळे आणि वायनरी, पुढचे दोन दिवस मुंबई.

हे वाचून घरातल्या माउलीच्या कपाळाला आठी पडली असेल. "दारूचा कारखाना पाहायला जायचे, आणि तेही बायकामुलांना घेऊन?" शंका रास्त आहे. वाइनमध्ये साधारण बारा-तेरा टक्के मद्यार्क असतो, तेव्हा ती दारूच आहे. तिला फळांचा रस म्हणून कोणी गळी उतरवू पाहील तर ऐकू नका. आपल्याला तिथे प्यायला जायचे नाही. आपल्या जिल्ह्यातल्या द्राक्षाचे बांधाबाहेर पडल्यावर काय होते, हे पाहायला जायचे आहे.

याला एक कारण आहे आणि ते माझ्या नोकरीतले आहे.

महाराष्ट्र सरकारने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. नाशिक जिल्ह्यात विंचूर आणि सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन पार्क उभे राहिले. त्या वर्षांत मी जिल्ह्यातल्या दुसऱ्या तालुक्यात नेमणुकीवर होतो. वय तिशीचे, उत्साह दांडगा. गावोगाव सभा घेऊन मी सांगत असे, "वाइन द्राक्ष लावा. जी. ए. मध्ये घड बुडवायला नको, विरळणीची मजुरी नको, माल करारावर जाईल." बोललो त्यातले खोटे काही नव्हते. एका शेतकऱ्याने माझ्या शब्दावर दोन एकर लावले. पहिली वर्षे बरी गेली. मग २००८ मध्ये जगभर मंदी आली, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, हॉटेले ओस पडली आणि वाइनचा खप घसरला. पुढच्या हंगामात त्याचा माल न्यायला गाडी आलीच नाही. ते द्राक्ष बारीक, बियांचे आणि जाड सालीचे असते. बाजारात खायला कोण घेणार? घड वेलीवरच सुकले. जिल्ह्यात अनेकांनी त्या सुमारास वाइनच्या बागा उपटल्या, त्यात ही बागही गेली.

मी भेटायला गेलो तेव्हा त्या माउलीने चहा दिला आणि एवढेच म्हणाली, "साहेब, वेल तुम्ही आम्हाला दाखवला. पण माल पुढं कुठं जातो, कोण घेतं, ते तुम्ही तरी पाहिलं होतं का?"

मी पाहिले नव्हते. माझ्याकडे परिपत्रक होते आणि लागवडीची घडीपत्रिका होती. तेव्हापासून शेतकऱ्यांची सहल काढायची म्हटली की मी ती मळ्यापाशी थांबवत नाही. माल विकला जातो तिथपर्यंत नेतो. आणि शक्य तर जोडीने नेतो, कारण घरातला नेमका प्रश्न बहुधा बाईच विचारते.

पहिला दिवस : नाशिक

मंगळवारी पहाटे सटाणा आगारातून एस. टी. धरावी. देवळा, भावडबारीचा घाट, मग आग्रा रोडने पिंपळगाव बसवंत, ओझर करीत नाशिक. सुमारे नव्वद किलोमीटरचा रस्ता, अडीच-तीन तास लागतात. २०२३ पासून एस. टी. त महिलांना अर्धे तिकीट आहे. आजी-आजोबांनी वयाचा पुरावा जवळ ठेवावा, त्यांनाही सवलत मिळते.

नाशकात उतरल्यावर आधी गोदाकाठी देवमामलेदार यशवंतराव महाराजांच्या समाधीचे दर्शन घ्यावे. आपल्या सटाण्याला ते मामलेदार होते. १८७०-७१ च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना उपाशी लोकांसाठी मोकळा केला. त्यांचे मंदिर सटाण्यात आहे, यात्रा आपण दर वर्षी करतो. पण १८८७ साली त्यांनी देह ठेवला तो नाशकात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. हुकमाच्या कागदाआधी रयतेचे पोट पाहणारा अधिकारी होता तो. मी तिथे हात जोडतो तेव्हा मला ती बाग आठवते.

तेथून गंगापूर रोडने निघावे. वाटेत सोमेश्वराचे देऊळ लागते. पुढे गंगापूर धरणाच्या परिसरात वाइन द्राक्षांचे मळे आणि वायनरी आहेत. सुला ही त्यांतली सर्वांत मोठी. राजीव सामंत नावाचा तरुण अमेरिकेतली नोकरी सोडून इथे आला आणि १९९७ च्या सुमारास त्याने सॉव्हिन्यों ब्लांक आणि शेनिन ब्लांक या जातींची लागण केली. याच भागात यॉर्क, सोमा याही वायनरी आहेत. दिंडोरीकडे आणि इगतपुरीकडे आणखी आहेत. 'नाशिक व्हॅली वाइन' या नावाला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

शनिवार-रविवार कटाक्षाने टाळा. त्या दिवशी मुंबई-पुण्याच्या मोटारींची रीघ लागते आणि माहिती सांगायला कोणाला सवड नसते. जाण्याआधी फोन करून कारखाना दाखवण्याच्या वेळा आणि फी विचारून घ्या. फीमध्ये चव घेण्याचे पैसे धरलेले असतात. नको असेल तर नुसता कारखाना पाहायचा आहे, असे आधीच सांगा. एकवीस वर्षांखालच्या मुलांना वाइन देत नाहीत, देऊही नये. गाडी चालवणाऱ्याने तर थेंबालाही शिवू नये. आतली हॉटेले महाग असतात. घरची भाकरी, ठेचा बरोबर असू द्यावा आणि तो सोमेश्वराला नदीकाठी खावा.

तिथे काय पाहावे? जानेवारी ते मार्च हा वाइन द्राक्षाच्या तोडणीचा हंगाम. आपण बागलाणकर ऐन पावसाळ्यात डाऊनीशी झगडून नाताळाआधी माल काढतो. इथे सप्टेंबर-ऑक्टोबरची छाटणी आणि उन्हाळ्याच्या तोंडावर तोडणी. घड हातात घेऊन पाहा. मणी वाटाण्याएवढा, आत बी. खायच्या द्राक्षाला आपण अठराच्या आसपास ब्रिक्स आले की काढतो. इथे बावीस-चोवीसपर्यंत थांबतात. वेलीवर माल मुद्दाम कमी ठेवतात, कारण भार जास्त झाला की रसात दम राहत नाही. एकरी टन मोजायची सवय असलेल्या आपल्या माणसाला हे पटायला वेळ लागतो.

आत गेल्यावर पोलादाच्या मोठ्या टाक्या दिसतील. यीस्ट रसातली साखर खाते आणि तिचा मद्यार्क होतो. पांढऱ्या वाइनसाठी रस सालीवेगळा काढून थंड ठेवून आंबवतात. लाल वाइन सालीसकट आंबवतात, रंग सालीतून उतरतो. काही वाइन ओक लाकडाच्या पिंपांत महिनोन्‌महिने मुरवतात.

आता वहीपेन्सिल काढा. पाऊण लिटरच्या एका बाटलीला साधारण एक ते सव्वा किलो द्राक्ष लागते. बाटलीची किंमत तिथल्या दुकानात लिहिलेली असते. शेतकऱ्याला किलोला काय दर मिळतो, ते विचारा. दोन आकडे शेजारी लिहा. पण लगेच खवळू नका. मधल्या खर्चात काच, बूच, वीज, कर, आणि वर्ष-दोन वर्षे अडकून पडलेले भांडवल आहे. तेही लिहा. मग खरे प्रश्न विचारा. करार किती वर्षांचा? ब्रिक्स मोजतो कोण, आणि तेव्हा शेतकरी हजर असतो का? खप पडला आणि माल उचलला नाही, तर भरपाई काय, आणि ती कराराच्या कोणत्या कलमात आहे? दोन हजार सालानंतरच्या त्या सभांत हे प्रश्न मी विचारायला हवे होते.

दुसरा दिवस : मुंबई

रात्री नाशकात मुक्काम करून सकाळी नाशिकरोडहून पंचवटी एक्स्प्रेसने निघावे. गाडी सातच्या सुमारास असते, नक्की वेळ आधी पाहून घ्या. पासवाल्यांची गर्दी असते म्हणून आरक्षण आधी करावे. थळ घाटात मुलांना खिडकीपाशी बसवा.

गाडी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर थांबते. बाहेर येऊन रस्त्यापलीकडे जा आणि वळून इमारत पाहा. १८८८ साली पुरी झालेली ही वास्तू २००४ पासून जागतिक वारसा आहे. जवळच महात्मा जोतीराव फुले मंडई, जुने नाव क्रॉफर्ड मार्केट. 'शेतकऱ्याचा असूड' लिहिणाऱ्या माणसाचे नाव या बाजाराला आहे, हे मुलांना जरूर सांगा. तिथल्या फळांच्या दुकानात डाळिंबाचा आणि द्राक्षाचा किलोचा भाव विचारून वहीत लिहा.

मग हुतात्मा चौक. संयुक्त महाराष्ट्रासाठी प्राण दिलेल्यांना तिथे वंदन करावे. पुढे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि गेट वे ऑफ इंडिया. घारापुरीची लेणी पाहायची तर वेगळा दिवस हवा, आणि सोमवारी ती बंद असतात. संध्याकाळी गिरगाव चौपाटी. पाण्यात मुलांना एकटे सोडू नका.

लोकलने जायचे तर सकाळी अकरापर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतरची गर्दी टाळा. बाया महिलांच्या डब्यात आणि पुरुष दुसऱ्या डब्यात चढणार असतील, तर कोणत्या स्टेशनात उतरायचे ते आधी घोकून घ्या. २०२५ पासून कफ परेड ते आरे अशी भुयारी मेट्रो पूर्ण धावते. म्हाताऱ्या माणसांना ती सोयीची आहे.

तिसरा दिवस : वाशी आणि राणीची बाग

मुंबई पाहणारे पुष्कळ असतात, पण वाशीचा बाजार फारच थोडे पाहतात. शेतकऱ्याने तो पाहिल्याशिवाय परत येऊ नये. मुक्काम वाशीकडे नातलगांचा असेल तर उत्तम. नाही तर शिवाजी महाराज टर्मिनसहून पनवेलची लोकल पहाटे पकडावी. कांदा-बटाट्याचा बाजार आणि फळबाजार इथे आहेत. मुंबईचा घाऊक फळबाजार क्रॉफर्ड मार्केटमधून १९९६ साली इथे आला. रविवार सोडून जावे. मधे उभे राहू नका, हातगाड्या आणि हमाल धावत असतात. बाजूला राहून पाहा. आपल्याकडची गोणी पाठीवरून उतरते, फोडून पाहतात, प्रतवारी होते, भाव बोलला जातो.

निघण्याआधी सटाण्याच्या बाजार समितीतला कांद्याचा भाव वहीत लिहिलेला असेल. वाशीचा घाऊक भाव त्याखाली लिहा. दादरच्या किंवा गिरगावच्या भाजीवाल्याकडचा तिसरा. एकाच कांद्याचे तीन भाव. प्रतवारी, गोणी, भाडे, हमाली आणि सड यांत किती जातो आणि कोठे नुसताच गळतो, हे त्या तीन ओळी तुम्हाला माझ्या भाषणापेक्षा चांगले सांगतील.

दुपारी भायखळ्याची राणीची बाग, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. मुलांना पेंग्विन दाखवा. बुधवारी बाग बंद असते, म्हणून तर आपण मंगळवारी निघालो. संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास परतीची पंचवटी. ती नाशिकला रात्री उशिरा पोचते, तेव्हा मुक्कामाची किंवा मनमाडला गाडीची सोय आधीच करून ठेवा.

सहलीहून आल्यावर ती वही घरात देवळीत ठेवा. उद्या कोणी नवे पीक घेऊन दारात येईल. कदाचित कंपनीचा माणूस असेल, कदाचित माझ्यासारखा साहेब. त्याला चहा द्या, बसवून घ्या, आणि वही उघडून विचारा : "माल पुढे कुठे जातो, ते तुम्ही पाहिले आहे का?" उत्तर द्यायला तो चाचरला, तर लागणीची घाई करू नका. आधी दोघांनी जाऊन पाहून या.